तेवीस नवऱ्या आणि एक पातेलं

पत्र वाचावं ते मीच! आमच्या बावड्यात निम्म्या आळीची पत्रं माझ्याकडं वाचायला येतात. लिहिलेलं काय, कुणीही वाचील. मी न लिहिलेलंही वाचून दाखवते. त्यामुळं नणंदेचं पोस्टकार्ड आलं आणि आमच्या बुद्धघोषनं त्याचा अर्धा लगदा केला, तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. बुद्धघोष आठ महिन्यांचा आहे. दात दोनच, पण काम उसाच्या चरकाचं. आत्ता झोपलाय, म्हणून एवढं तरी लिहितेय.

नणंद करुणा बारामतीला नर्सिंगच्या शाळेत पहिल्या वर्षाला आहे. सिस्टर म्हणजे केरळची, असंच आम्ही पूर्वी धरून चालायचो. आता तेवीस जागांसाठी आपल्याच तालुक्यांतल्या पोरींची झुंबड! पण माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे पटवायला मला तीन महिने लागले. त्यांनी पणदऱ्याचं स्थळ हेरून ठेवलं होतं. शेवटी मीच हमी घेतली, की तीन वर्षं लग्नाचा विषय निघणार नाही.

"निघाला, तर शिक्षान त्याच दिशी बंद," असं बजावून आबांनी फॉर्मवर अंगठा उठवला होता.

आणि आता हे कार्ड. बाळाच्या तावडीतून सुटलं ते एवढंच: 'वहिनी, येत्या रविवारी अकरा वाजता', मग लगदा. 'तेवीस जणींतून मला निवडलंय', पुन्हा लगदा. 'पांढरी साडी, हातात मेणबत्ती, सगळ्यांसमोर शपथ. आबांना आधी सांगू नका, नुसतं घेऊन या.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं. आम्हा बौद्धांच्या घरात मुलगी पांढरी साडी नेसून, मेणबत्तीच्या उजेडात चारचौघांसमोर शपथ घेते ती कधी? लग्नात! माझं स्वतःचं असंच झालंय. म्हणजे कुणीतरी तेवीस पोरी बघून आमची पसंत केली होती!

आमचे हे म्हणाले, आधी नीट चौकशी कर. म्हणून बाळाला कडेवर घेऊन मी गुलजारभाईंच्या दुकानातल्या फोनवर गेले. तिकडं वसतिगृहाच्या शबीना सिस्टर. लाइन अशी, की कढईत कुणी भजी सोडतंय.

"करुणाचं रविवारी खरंच आहे का हो?"

"आहे तर. तेवीसही जणींचं एकदमच उरकतो आम्ही. दरवर्षी असंच असतं."

सामुदायिक विवाह! मी काउंटर धरला. विचारलं, घरच्यांची परवानगी नको?

"ती प्रवेशाच्या वेळीच घेतलीय. तुमच्या सासऱ्यांचा अंगठा आहे की! एकदा शपथ घेतली, की पोरी आमच्या झाल्या बघा."

फोन ठेवून वळले तर गुलजारभाई आणि त्यांची सहा गिऱ्हाईकं माझ्याकडं बघत होती. मी घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचली होती.

सासूबाई, म्हणजे अक्काबाई, आधी रडल्या आणि मग डोळे पुसून रुखवताला लागल्या. आबा मात्र माझ्याशी बोलेनात. अनुपना, म्हणजे आमच्या ह्यांनाच, ऐकवलं, "लगीनच करायचं व्हतं तर पणदरेकरांचं काय वाईट व्हतं? जाऊ. लगीन लावू, पोरीची पेटी उचलू, शिक्षान बंद."

माझ्या शब्दावर गेलेली पोर माझ्याच शब्दावर परत येणार होती. त्या चार दिवसांत मला भाकरीही गोल जमली नाही.

रविवारी टेंपो निघाला. आत एकवीस माणसं, स्टीलची भांडी, जावयासाठी हार, आणि वऱ्हाडाला भात लावायला गुलजारभाईंच्या घरचं भलंमोठं पातेलं. वाटेत निरवांगीत करुणाचे मामा-मामी चढले, तर मामांनी बरोबर वाजंत्रीवाला आणलेला!

बारामतीच्या त्या सभागृहात आम्ही वाजतगाजत शिरलो. मामींनी व्यासपीठासमोर रुखवत मांडायलाही घेतलं. वर तेवीस पोरी पांढऱ्याशुभ्र साड्यांत, हातात पेटत्या मेणबत्त्या, सगळ्यांत पुढं आमची करुणा. इतकी गोड दिसत होती, की माझा राग तिथंच विरघळला.

आबा माझ्या कानाशी आले. "सूनबाई, नवऱ्या तेवीस हायत. नवरा एक बी दिसंना. कुठं ठेवल्यात?"

तेवढ्यात करुणा माइकसमोर आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, की रुग्णांची सेवा मी निष्ठेनं करीन. मागून बावीस जणी तेच म्हणाल्या. वाजंत्रीवाला थांबला. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी बुद्धघोषचं टोपडं नीट करायला लागले. ते नीटच होतं.

मग शबीना सिस्टरांनी सांगितलं, की वर्गात पहिली आली म्हणून शपथ सांगायचा मान करुणाला दिलाय. लगद्यात होतं ते हेच. तिच्या वडिलांना त्यांनी वर बोलावलं, समोरचा भांड्यांचा ढीग पाहून गहिवरल्या आणि जाहीर केलं, की बावड्याच्या श्रीपतरावांनी आमच्या मेसला अख्खा संसार भेट दिलाय!

टाळ्या थांबेनात. आबा जावयाचा हार हातात धरून उभे. त्यांनी हाराकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि तो तिच्या गळ्यात घातला. कुणीतरी माइक पुढं केला. आबा जन्मात माइकवर बोलले नव्हते.

"पोरीची पेटी हितंच ऱ्हाईल," ते म्हणाले. मग ढिगाकडं बघितलं. "भांडी बी ऱ्हाऊ द्या."

करुणा रडली, अक्काबाई रडल्या, मी तर हुंदकेच दिले. आणि त्या हुंदक्यांतच सिस्टरांचा आवाज ऐकू आला. पातेल्यावर घातलेलं नाव त्या मोठ्यांदा वाचत होत्या, "आणि विशेष आभार, सौ. जमीला गुलजार, बावडा!" पुन्हा टाळ्या.

आता जमीलाभाभी पातेलं न्यायला आल्यात. शुक्रवारी त्यांच्याकडं चाळीस पानं जेवायला आहेत. बाहेर ओट्यावर बसल्यात. मी बाळाला पाजतेय, असं आतून सांगितलंय. तासभर झाला.