बोलता कॅम्पर

“सोने, आतून कडी घाल गं!” शेतावर निघताना मालनबाई रिकाम्या घराकडे तोंड करून रोज असं ओरडायच्या. घरात सोनी नावाचं कोणी नव्हतं. माळवदावर पारवे होते तेवढेच. बोट धरून चालणाऱ्या लेकाला, श्यामसुंदरला, त्या हळूच सांगायच्या, “बोलत्या घराला चोर लागत नाही, बाळा.”

तो आवाज कानात घेऊनच श्यामसुंदरांनी खडकीच्या लष्करी भांडारात जन्मभर कुलपं सांभाळली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅम्पर घेतला. म्हणजे पिकअप गाडीच्या पाठीवर बसवलेली एक खोली. आत पलंग, शेगडी, खिडकीला अबोली पडदे. “हेमा, आता तुला समुद्र दाखवतो,” असं बायकोला वचन दिलं आणि पुण्याजवळ मांजरीतल्या आपल्या सोसायटीच्या कुंपणाशी तो उभा केला. कुंपणापलीकडचा ऊस तुटून गेला, पुन्हा पुरुषभर वाढला, पण कॅम्पर हलला नाही. कारण उघड होतं. समुद्र बघायचा तर गाडीतून उतरावं लागतं, आणि उतरल्यावर गाडीकडे कोण बघणार?

दाराला नवंनवं कुलूप लागताना हेमाताई फक्त बघत राहिल्या.

मग कोल्हापूरला भाचीचं लग्न निघालं.

“आता तरी कॅम्परनं जाऊ. तिथून पुढे समुद्र जवळ आहे,” हेमाताई म्हणाल्या.

“आणि कार्यालयाबाहेर उभा करू? अगं, वऱ्हाडाइतके अनोळखी लोक एका जागी दुसरीकडे कुठे जमतात?”

“मग?”

“एसटीनं जाऊ.”

चोरीच्या भीतीनं गाडी न्यायची नाही, आणि नेली नाही म्हणून ती बेवारशी राहणार. श्यामसुंदरांची झोप उडाली. स्टिअरिंगला लोखंडी दांडा लागला, चाकांना पैंजणासारख्या साखळ्या आल्या, दाराला कुलपांच्या मुंडावळ्या बांधल्या गेल्या. वरच्या मजल्यावरचा केदार आयटीतला. तो म्हणाला, “काका, सिंपल आहे. जीपीएस लावा ना.”

“त्यानं गाडी कुठे गेली ते कळतं. मला ती जायलाच नकोय.”

शेवटी मालनबाईंची आठवण मदतीला आली. कॅम्पर बोलता ठेवायचा ठरला. श्यामसुंदरांनी आपला फोन हेमाताईंपुढे धरला.

“माझाच आवाज कशाला? तुमचा भरा.”

“मी घरात बोलतो कुठे? चोराला खरं वाटणार नाही.”

हेमाताईंनी मग रोजचंच म्हटलं, “अहो, उठा ना! चहा गार झाला. किती हाका मारू? काहीतरी बोला की!” केदारनं ते थोड्या थोड्या वेळानं वाजत राहील असं लावून दिलं, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली आणि कामासाठी हैदराबादला गेला. फोन आत चार्जिंगला लागला. पायरीशी चपलांचे दोन जोड मांडले गेले. चोराला कुणकुण लागू नये म्हणून सोसायटीत कोणालाच न सांगता दोघं पहाटेच्या एसटीनं निघाले.

पहिल्या दिवशी लोक कौतुकानं हसले. घराला कुलूप घालून म्हातारपणी कॅम्परमध्ये संसार! दुसऱ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव थबकले. “साहेब अजून उठलं न्हाईत व्हय?” तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुरुचीनं दार ठोठावलं.

“हेमाकाकू, सगळं ठीक आहे ना?”

आतून उत्तर आलं, “चहा गार झाला.”

“डॉक्टरांना बोलवू का?”

“किती हाका मारू?”

सुरुचीनं पदर डोळ्यांना लावला. सर्जेरावांनी श्यामसुंदरांना फोन केला. तो आतच वाजला, कोणी उचलला नाही. हेमाताईंनाही केला, पण परतीच्या एसटीच्या खडखडाटात फोन कोणाला ऐकू येतो?

“धक्का बसलाय वहिनींना,” सर्जेराव खालच्या आवाजात म्हणाले. “मानूस ग्येलंय, आन् बाय अजून चा पाजतीया.”

वेल्डर आला. कुलपं प्रामाणिक होती, दाद देईनात. एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडणारी सोसायटी त्या दिवशी एकदिलानं उभी राहिली आणि तिनं अख्खं दारच चौकटीपासून कापून काढलं. आत घडी न मोडलेला पलंग होता. उशाशी फोन विनवत होता, “काहीतरी बोला की!”

तेवढ्यात फाटकातून रिक्षा आली. लग्नाच्या लाडवांची पिशवी घेऊन श्यामसुंदर उतरले, मागून हेमाताई.

“म्हंजी तुमी जित्तं हाय?” सर्जेरावांच्या स्वरात आनंदापेक्षा तक्रार जास्त होती. हार आणायला गेलेल्या माणसाला परत बोलवायला कोणीतरी धावलं.

“काकू, तीन दिवस तुम्ही हाका मारताय आणि काकांचं उत्तरच नाही,” सुरुची म्हणाली. “आम्हाला वाटलं...”

“उत्तर येत नाही म्हणून यायचं होतं, तर फार आधी यायला हवं होतं तुम्ही.”

श्यामसुंदर कापलेल्या चौकटीवरून हात फिरवत होते. “दारच नाही! आता कसला समुद्र? नवं दार बसेपर्यंत मी इथून हलत नाही.”

हेमाताईंनी हात पुढे केला. “किल्ली द्या.”

“कशाला?”

“दुपारी तुम्ही झोपता ना, तेव्हा मी हडपसरला जाऊन गाडी शिकले. लायसन पाडव्यालाच आलंय. बोलले नाही, म्हटलं, तुम्ही आपणहून नेताय का बघावं. उद्या सकाळी मी समुद्राला निघतेय. दार नसलं तर नसू दे, वारा येईल. तुम्ही येणार असाल तर बसा शेजारी. नाहीतर ते कापलेलं दार पडलंय तिथे, त्याची राखण करा.”