भिंतीआडच्या श्वासाची कहाणी

मुलांनो, मी एकदा वसा घेतला होता. तो अजून चालू आहे.

झालं असं. आम्ही तिघी जावा एक जुना भुताचा सिनेमा तिसऱ्यांदा बघून आलो. दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, माळ्यावर काहीतरी सरपटतंय." मी म्हणाले, "सिनेमा संपला गं बाई." तिसऱ्या दिवशी चकलीचा सोऱ्या काढायला माळ्यावर हात घातला, तर सोऱ्याशेजारी धामण वेटोळं घालून बसलेली. धामण बिचारी गरीब. चूक माझी. त्याच दिवशी देवापुढे सुपारी ठेवून वसा घेतला.

कोणता, ते शेवटी सांगते. आधी कहाणी ऐकायची असते. मुठीत पाच तांदूळ घ्या. मध्येच मोबाईल बघितलात तर फळ मिळायचं नाही.

एका जंगलात एक गुहा होती. गुहेत भर दुपारीही मिट्ट काळोख. त्या काळोखात दरवर्षी आठवडाभर एकच सिनेमा दाखवत. 'भिंतीआडचा श्वास'. चाळीस वर्षं झाली, तरी बसायला जागा मिळत नसे.

गोष्ट साधीच. एक हरिणी लग्न होऊन नव्या घरी येते. तिला भिंतीआड कुणीतरी श्वास घेताना ऐकू येतं. नवरा म्हणतो, "दमलीस तू." वैद्य घुबड पुडी देतो. शेवटी घर रिकामं, आणि भिंतीआड शांत. भूत एकदाही दिसत नाही. ते भूत होतं की हरिणीच्या मनाचे खेळ, हेही कळत नाही.

त्यातच तर सगळी गोडी. चाळीस वर्षं प्राणी पाणवठ्यावर त्यावरून भांडत होते. मध्ये एका तरुण बिबट्याने नवा सिनेमा काढला. त्यात भुताला शिंगं होती, सुळे होते, एक गाणंही होतं. प्राण्यांनी तो बघितला, चणे खाल्ले आणि घरी जाऊन गाढ झोपले.

जुन्याची गोष्टच वेगळी. वनराज स्वतः पहिल्या रांगेत बसत. भीती वाटली की शेजारच्याला घट्ट धरत. त्यामुळे शेजारची जागा दरवर्षी नव्या पाहुण्याला मिळे.

आणि पडद्यावर हरिणी रडत म्हणाली, "कुणीतरी आहे हो तिथे!" की अख्खी गुहा ओरडे, "अरे, तिचं ऐका रे!" अस्वलं डोळे पुसत. कोल्हेसुद्धा हळवे होत. पडद्यावरच्या हरिणीवर विश्वास ठेवायला जागेवरून उठावं लागत नाही, हा एक मोठाच फायदा.

त्याच जंगलात म्हाळसा नावाची सशीण राहत होती. तिचे यजमान नागोराव. घरात तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. नवराबायको पहिल्याच दिवशी सिनेमा बघून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लांना पाजताना म्हाळसेने कान टवकारले.

"अहो, बिळाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेतंय."

नागोराव हसले. "सिनेमा घरी घेऊन आलीस वाटतं!"

"माती पडतेय बघा. पिल्लांच्या अंगावर."

"दमलीस तू."

म्हाळसा चमकली. "अहो, हे तर सिनेमातला नवरा म्हणतो!"

"बघ म्हणजे," नागोराव म्हणाले, "किती जिवंत लिहिलाय!"

म्हाळसा साळिंदरपंतांकडे गेली. नागोरावही मागोमाग गेले, बायको चारचौघांत काय बोलेल ही काळजी. पंत मोठे विद्वान. त्या एका सिनेमावर त्यांनी तीन ग्रंथ लिहिले होते.

"पंत, माझ्या भिंतीआड खरंच कुणीतरी आहे."

पंतांचे काटे आनंदाने उभे राहिले. "वा! चाळीस वर्षांनीही परिणाम कायम! बाई, श्वास नेमका कसा? घेतलेला की सोडलेला?"

"खरखरीत. आणि नखांचा आवाज येतो."

"नखं? मूळ चित्रपटात नखं नाहीत."

"पंत, घरात पिल्लं आहेत हो माझी!"

"पिल्लं! म्हणजे मातृत्वाचं रूपक. हे माझ्या नजरेतून निसटलंच होतं." पंतांनी लगेच टिपून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "एक लक्षात ठेवा. खरी भीती कधी दिसत नसते. जे दिसतं ते फुसकं."

नागोरावांना हे वाक्य फार आवडलं. घरी येईपर्यंत त्यांनी ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी गुहेबाहेर मोठा फलक लागला. 'सशिणीला अजून ऐकू येतो तो श्वास!' गर्दी दुप्पट झाली. समारोपाला म्हाळसेचा सत्कार ठरला. उत्कृष्ट प्रेक्षक म्हणून.

म्हाळसेचं मन पिल्लांना सोडून जायला तयार नव्हतं. पण सगळं जंगल एका जागी भेटणार होतं. इतक्या जणांत एक तरी उठून बघायला येईल, अशी तिला आशा. पिल्लं झोपवून ती धावत गेली.

वनराजांनी नारळ दिला. अंगावर शाल घातली. म्हाळसा हात जोडून म्हणाली, "मला शाल नको, महाराज. दोघंतिघं माझ्याबरोबर चला. एकदा भिंत बघा. कुणीतरी आहे हो तिथे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वल हुंदका आवरत म्हणालं, "काय बोलली! हुबेहूब हरिणी!"

"हरिणीचं नाही हो, मी माझंच बोलतेय!"

"शू!" मागून कुणीतरी ओरडलं. "सिनेमा सुरू होतोय."

"बस ना खाली," नागोराव कुजबुजले. "लोक बघतायत."

पडद्यावर हरिणी आली. "कुणीतरी आहे हो तिथे!" ती म्हणाली.

"अरे, तिचं ऐका रे!" गुहा ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज नागोरावांचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हाळसेने नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग ती उठली आणि धावत सुटली.

बिळाच्या भिंतीला भोक पडलं होतं. भोकातून गरम वाफ येत होती. नख आत आलं, बाहेर गेलं. म्हाळसेने तिन्ही पिल्लं शालीत गुंडाळली, गाठ दातांत धरली आणि बिळाच्या मागच्या तोंडाने निघून ओढ्यापार गेली. सत्काराची शाल कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडली, असं त्या जंगलात पहिल्यांदाच घडलं.

खेळ संपल्यावर नागोराव गुणगुणत घरी आले. भिंत पडली होती. बिळाच्या मधोमध एक तरस बसलं होतं.

"या," तरस म्हणालं. "सहा दिवस खणतोय. एकदाही कुणी विचारायला आलं नाही. चांगली वस्ती आहे तुमची."

"तू... तू दिसतोयस?" नागोरावांनी विचारलं.

"दिसतोय की."

नागोरावांचा जीव भांड्यात पडला. "मग काळजी नाही. खरी भीती कधी दिसत नसते. जे दिसतं ते फुसकं."

"कुणी सांगितलं?"

"साळिंदरपंतांनी."

"पंत विद्वान आहेत," तरस म्हणालं. "शिवाय त्यांना काटे आहेत."

त्यानंतर नागोराव कुणाला दिसले नाहीत. मी देवभोळी बाई. ते कुठेतरी सुखरूप असतील, अशी आशा मी अजून ठेवते. तरस मात्र दोन दिवस जेवलं नाही म्हणतात.

पंतांनी चौथा ग्रंथ लिहिला. जे दिसत नाही तेच थोर, या न्यायाने त्यात नागोरावांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

ओढ्यापार पिल्लं मोठी झाली. रोज एखादं म्हणतं, "आई, काहीतरी वाजलं." म्हाळसा उठते. बघून येते. बहुतेकदा वाळका पाला असतो. ती येऊन सांगते, "पाला होता रे," आणि पिल्लं निजतात.

तोच हा वसा. कुणी 'तिथे काहीतरी आहे' म्हणालं, की आधी उठायचं आणि बघून यायचं. हसायचंच असेल तर परत आल्यावर. याला उपास नाही, उद्यापनही नाही.

तात्पर्य: संकट खरं असेल तर ते घरच्यांना सांगत बसू नये. त्याचा सिनेमा काढावा, भूत दाखवू नये आणि चाळीस वर्षं वाट पाहावी. मग सगळं जंगल तुमच्यावर विश्वास ठेवतं.

तेवढा वेळ ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मुठीतले तांदूळ देवापुढे ठेवावेत. आता धाकटी हाक मारतेय. माळ्यावर पुन्हा काहीतरी वाजलं म्हणे. मी उठते. तुमच्या घरी कुणी हाक मारली, तर बाळांनो, तुम्हीही उठा.