बी गटाचा दाता हवा

मांजर निरोगी असलं की त्याच्या हिरड्या फिक्या गुलाबी दिसतात. त्या सकाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या मनीच्या हिरड्या टिपकागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"आजच रक्त चढवायला हवं," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "गट बी आहे. दाता मिळणं कठीण."

बहिणीचा बांध फुटला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतेस काय! सतरा वर्षं रक्ततपासणीत काढलीत मी. बाराच्या आत दाता हजर करते!"

प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर ऑफिसच्या ग्रुपवर सूचना टाकली. एकदम मुद्देसूद: 'बी गटाचं रक्त तातडीने हवं. वय एक ते आठ. वजन साडेचार किलोच्या वर. स्वभाव शांत. लसी घेतलेल्या. नसबंदी झालेली असल्यास उत्तम.'

दहा मिनिटांत दारात रांग! सर्वांत पुढे स्टोअरकीपर, बाही खांद्यापर्यंत गुंडाळून.

"मॅडम, वजन त्र्याऐंशी आहे. चालेल ना?"

"वयात आठच्या पुढचं शून्य राहिलं वाटतं," टायपिस्टबाई मागून म्हणाल्या.

हिशेबनीस माझ्या कानाशी आले. "मॅडम, ती शेवटची अट... झालीय माझी. बायको सोडून कुणालाच माहीत नाही. पण कुणाचा जीव वाचत असेल तर!"

मी फोन काढून सूचना पुन्हा वाचली. सगळं लिहिलं होतं. फक्त 'मांजर' लिहायचं राहिलं होतं.

"मांजरासाठी हवंय," मी पुटपुटले.

हिशेबनिसांचा चेहरा थेट मनीच्या हिरड्यांसारखा झाला!

तरी माणसं भली. दोघांनी आपापली मांजरं दवाखान्यात आणली. एक भरलं तीन किलो. दुसऱ्याचा गट निघाला ए, आणि स्वभाव शांत नव्हता, हे डॉक्टरांच्या मनगटाने सिद्ध केलं. बारा वाजून गेले. मनीला आता मानही उचलवत नव्हती. बहीण माझ्याकडे बघतही नव्हती.

इतक्यात सासूबाई आल्या, हातात झाकणाची टोपली. आत 'पाहुणे'.

पाहुणे म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आमच्या गॅलरीत शिरलेला बोका. ठेवायचा की कुणाला देऊन टाकायचा, ते मी निरीक्षणांती ठरवणार होते. दोन वह्या भरल्या होत्या. आपला नसलेला बोका दात्यांत कसा धरणार?

"साडेपाच किलो," सासूबाई म्हणाल्या. "लस मीच टोचून आणलीय, मागच्या मंगळवारी."

माझ्या वहीत त्या मंगळवारी नोंद होती: 'सुस्त. कारण अज्ञात.'

पाहुण्यांचं थेंबभर रक्त तपासलं. बी! पाहुणे टोपलीत घोरत होते.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. "मालकाची सही लागेल. बोका कोणाचा?"

"तसं अजून निश्चित... म्हणजे निरीक्षण चालू..."

"सूनबाई, आठ महिने!"

"ताई!" बहीण ओरडली.

मी पेन घेतलं.

"माझा," मी म्हणाले. "बोका माझा आहे."