एक थेंबही नाही

"नगरपालिकेला माझ्याकडून एक पै मागायचा अधिकार नाही, हे मी कोर्टात सिद्ध करून दाखवतो," असे कारखानदाराने भर जेवणात जाहीर केले. बायकोने पाण्याचा पेला त्याच्याजवळ सरकवला.

सूत रंगवण्याचा त्याचा कारखाना घराला लागूनच होता. पालिकेने केवळ कारखान्यांवर सांडपाण्याचा जादा आकार बसवला होता. तो भरायचा तर चार माणसे कमी करावी लागली असती. म्हणजे त्याचा संताप काही अगदीच पोकळ नव्हता.

वकील म्हणजे बायकोचाच भाऊ. तो म्हणाला, "भाऊजी, सरकारच्या मंजुरीशिवाय असा आकार लावता येत नाही. एवढा मुद्दा पुरे आहे."

"एका खिळ्यावर तसबीर टांगतोस होय? दुसराही ठोक. सेवा दिली तरच पैसे मागता येतात ना? मग लिही, आमचा एक थेंबही त्यांच्या गटारात जात नाही."

"मग जातो कुठे?"

"ते त्यांनी शोधावं."

जात होता तो अंगणाखालच्या नळातून थेट त्याच गटारात, वडिलांच्या काळापासून. कारखान्यात आज कोणता रंग लागला आहे, हे शेजारणी गटारात डोकावून सांगत.

"शपथेवर खोटं कशाला बोलताय?" बायकोने विचारले, पण तोवर सही झाली होती.

कोर्टाने दोन्ही मुद्दे मान्य केले. निकालाच्या दुसऱ्याच सकाळी पालिकेचा अभियंता गवंडी आणि सिमेंट घेऊन दारात हजर झाला.

"हे काय चाललंय?"

"तुमचं शपथपत्र खरं करतोय, साहेब," अभियंता मायेने म्हणाला. "उद्या एखादा थेंब सापडला, तर खोट्या शपथेचा खटला तुमच्यावरच व्हायचा. तुमची काही हरकत?"

हरकत घ्यावी तर गुन्हा कबूल करावा लागणार. कारखानदाराने नळाचे तोंड बुजवायला गवंड्याला जागा करून दिली.

दुपारी रंगारी धावत आला. "मालक, हौद उलटा भरतोय." पाठोपाठ घरातली मोरी निळी झाली आणि तिथून पाणी आईच्या खोलीत शिरले. म्हातारी पाय वर घेऊन पलंगावर बसली. भट्ट्या विझवाव्या लागल्या. चौघांना वाचवायला निघालेल्या कारखानदाराने सगळ्यांनाच घरी जायला सांगितले.

"उद्या येऊ ना?" रंगाऱ्याने विचारले. कारखानदार बादली घेऊन निळ्या पाण्यात उतरला. "मग परवा?"

गुडघ्यापर्यंत निळा झालेला कारखानदार तसाच पालिकेत गेला. "तो आकार लावा माझ्यावर. हवा तर दुप्पट लावा. पण गटार उघडा."

कारकुनाने निकालाची प्रत पुढे केली. "कारखान्याला जोडणी द्यायची तर आकार घ्यावा लागतो. आणि तो घ्यायला कोर्टाची मनाई आहे."

"अहो, मी राजीखुशीने देतोय."

"तरी घेता येत नाही. सरकारची मंजुरी हवी."

"मग मागवा की."

"मागवलीय केव्हाची. ती आली नाही, म्हणून तर तुम्ही जिंकलात."

फाटकाबाहेर माणसे अजून बसून होती. त्यांची नजर चुकवून तो घरात शिरला. बायकोने पाय धुवायला तांब्या हातात दिला. त्याने तो तिरपा केला, पुन्हा सरळ केला आणि भरलेलाच खाली ठेवला. ते पाणी तरी जाणार कुठे?