पयली म्हंजे पयली

आमच्या शेणवे गावात मला सगळे मानसीची आई म्हणतात. गजाकाका मात्र ‘सातवी’ म्हणतात. माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. मला बघायला आलेल्या मंडळींत काकाही होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर बाकीच्यांनी रांधता-वाढता येतं का वगैरे विचारलं आणि ह्या गृहस्थांनी विचारलं, “धाव्वीला वर्गात कितवी?” मी सातवी आले होते, तसं सांगितलं. काकांनी जरा विचार केला. “चालंल,” ते म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं. तेव्हापासून आजतागायत “ए सातवे, जरा चाय टाक गो!” अशी हाक कुंपणापलीकडून येते आणि मी मुकाट्यानं चहा टाकते.

गजाकाका आमचे शेजारी. भाताची गिरण चालवतात. काकू गेल्यापासून घरात एकटेच. माणूस कसा आहे हे त्याच्या शाळेतल्या नंबरावरून कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. टक्के त्यांना मान्य नाहीत. “टक्के मास्तर देतो,” ते म्हणतात, “नंबर बरोबरची पोरं देतात.” ह्यावर वाद घालून बघितलेल्यांची भात-भरडाई दोन दिवस रखडलेली मी पाहिली आहे.

एकदा त्यांना ताप आला म्हणून शहापूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सुई भरली, तर काका म्हणाले, “तुमी वर्गात कितवे?” डॉक्टर बिचारा हसून खरं बोलला, “अकरावा.” काकांनी बाही खाली ओढली. नर्सबाई तिसऱ्या निघाल्या, तेव्हा कुठे दंड पुढे आला.

लग्नाच्या पंगतीत तर विचारूच नका. पंगत बसवायचं काम गावानं कधी त्यांना दिलेलं नाही, ते आपलं आपण घेतात. पहिल्या नंबराचे वरच्या अंगाला, मग दुसरे, तिसरे. माझ्या नणंदेच्या लग्नात नवऱ्या मुलाचे मामा दहावी नापास निघाले आणि थेट हात धुवायच्या पिंपाजवळ गेले. मामा रुसले, जेवायचे थांबले, आमची नुसती धावपळ उडाली. काका शांतपणे म्हणाले, “बुंदी तितं पन येते.”

तर अशा माणसाच्या शेजारी माझी मानसी दहावीला शाळेत पहिली आली.

काकांनी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. भरडायला आणलेलं भात बाजूला, आधी पेढा. “आता मुंबईचं मोठं कॉलेज,” ते सांगत सुटले. “गावातल्या पयल्याला घ्यावाच लागतो त्यांना.” आम्ही शहापूरला जाऊन ऑनलाइन अर्ज भरला. यादी लागली तर मानसीचं नाव नाही. काकांना वाटलं, ती पहिली आहे हे कॉलेजला कोणी सांगायचंच विसरलं. पांढरा सदरा चढवून ते आमच्याबरोबर मुंबईला आले आणि कॉलेजच्या खिडकीत मान घालून म्हणाले, “ही पयली हाय.”

“टक्के किती?” आतल्या बाईंनी विचारलं.

“टक्के कशाला? पयली म्हंजे पयली. हिच्या पुडं कोन नाय.”

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. “आजोबा, तुमच्या मागे रांग बघा. हे सगळे आपापल्या शाळेत पहिले आहेत.”

काकांनी वळून बघितलं. मीही बघितलं. आमच्या शाळेत विज्ञानाला वर्षभर शिक्षक नव्हता. तिथं पहिलं यायला मानसीला काय करावं लागलं, ते मला माहीत होतं, आणि ते टक्क्यांत कुठंच दिसत नव्हतं. पण रांगेतल्या मुलांचंही काही खोटं नव्हतं.

तिसऱ्या यादीत मात्र मानसीचं नाव लागलं. “मी जाऊन बोललो म्हनून,” काकांनी गावभर सांगितलं. मानसी वसतिगृहात राहायला गेली आणि माझं घर ओकंबोकं झालं.

सहामाही झाली आणि ती न कळवताच घरी आली. सगळं इंग्रजीत, सर भराभर शिकवतात, बाकीच्यांचं हे सगळं क्लासमध्ये आधीच झालेलं. सरांनी वर्गात गुण वरून खाली वाचून दाखवले. “आई, माझ्यानंतर एकच नाव होतं गं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “मी नाही जात आता. शहापूरच्या कॉलेजात जाईन.”

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पोर घरी आली होती. मी कोंबडी आणवली, वाटण वाटलं, रस्सा चुलीवर ठेवला. “नको वाटतं तर राहा,” म्हटलं.

वासावर काका आले. मानसी आत पळणार तोच त्यांनी तिला खाली बसवलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग त्यांनी चुलीवरच्या रश्श्याकडे बघितलं.

“माज्या आयनी पन कोंबडी कापली होती,” ते म्हणाले. “मी मुंबईचं कॉलेज सोडून आलो तवा.”

काकांना मुंबईचं पाणी मानवलं नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं.

“पाण्याला काय झालतं? मी शेवटचा आलतो. इतला पयला, तितं शेवटचा. घरी आलो तर सगली खूश. बाबा खूश, आय खूश. कोनी बोलला नाय, जा रे परत म्हनून. मी वाट बगत होतो कोनीतरी बोलंल म्हनून.” मग ते मानसीकडे वळले. “तुज्या मागं एक हाय ना? त्याच्याशी दोस्ती कर. माज्या मागं कोनी नव्हता गो.”

चूल मंद करून मी मानसीची बॅग शोधायला लागले.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं तिला आटगाव स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी गेली. मी निघाले, पण काका बाकावर बसूनच राहिले.

“चला की काका,” मी म्हटलं.

“तू हो पुडं,” ते रुळांकडे बघत म्हणाले. “पोर पुडच्या स्टेशनाला उतरून परत आली, तर तिला पुना गाडीत बसवाला कोनतरी हितं पायजे.”