अण्णांचा लाल ठिपका

नायगावच्या आमच्या नव्या टॉवरमध्ये लिफ्टचा लाल दिवा लागला रे लागला की अण्णा सावंत त्यावर फाडकन तळवा हाणायचे आणि ओरडायचे, "कसो गावलो!" शेजारी उभ्या बाईच्या हातातली भाजीची पिशवी खाली. एकदा सत्यनारायणाला भटजींच्या मोबाइलवर लाल दिवा चमकला. अण्णांनी तिथेही हात मारला. मोबाइल थेट तीर्थात!

हे वेड मीच लावलं त्यांना. मी दहावीच्या शिकवण्या घेणारा मास्तर. अण्णा शेजारचे, निवृत्त बसड्रायव्हर. काकू पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवणं, पुसणं, वेणी घालणंसुद्धा अण्णाच करायचे. ते विसरायला लागले तेव्हा पुण्याच्या लेकीने स्पष्ट सांगितलं, "दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची टेस्ट द्या. त्यात कमी पडलात तर आईला रुग्ण सांभाळणाऱ्या सेंटरमध्ये ठेवावं लागेल."

स्क्रीनवर लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं, आणि चित्रांमधलं वेगळं चित्र ओळखायचं, एवढीच टेस्ट. पहिल्या खेपेला अण्णा कसेबसे सुटले. एवढंसं तोंड करून म्हणाले, "मास्तर, पुढच्या टायमाला मी उडालो."

मी म्हटलं, "अहो, पेपर तोच असतो ना? मग घाबरता कशाला?"

झालं! टेस्टला मीच सोबत गेलो होतो; तिथली चित्रं आठवून आठवून वहीत काढली. रोज संध्याकाळी मी मोबाइलवर ठिपका दाखवायचो आणि अण्णा टेबल बडवायचे. आतून काकू ओरडायच्या, "अहो, मोडेल ते!" दोन महिन्यांत अण्णा माझ्या पोरांहून चपळ झाले. पुढच्या टेस्टला डॉक्टर म्हणाले, "वा, सुधारणा आहे." मी मजलाभर पेढे वाटले. गाढव कुठला!

वर्षभराने एका सकाळी त्यांच्या घरातून गॅसचा वास आला. शेगडी विझलेली, बटण चालू, अण्णा खाली गेटवर गप्पा मारतायत आणि काकू हाका मारून दमलेल्या. चावी माझ्याकडे असायची म्हणून निभावलं.

त्यानंतरच्या टेस्टला डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी चित्रं बदलली, ठिपका निळा ठेवला. अण्णा नुसते बघत राहिले. हात उठेचना.

"घरी प्रॅक्टिस करून घेत होतात?" बाईंनी मला विचारलं. "आजार जुना आहे हो. आधी कळलं असतं तर औषधांनी थोडं सावरता आलं असतं."

आयुष्यभर पोरांकडून जुने पेपर घोकून घेतले, तेच इथे केलं. त्याची लाज मला अजून झोंबते.

काकूंची रवानगी सेंटरमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी लेक अण्णांना आपल्या घरी न्यायला आली. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून माझा हात घट्ट धरला.

"मास्तर, नवो पेपर मिळवा. आपण सराव करूया. पास झालंय की हिका परत आणतले ना?"

तीस वर्षांत नापास पोराच्या आईबापांनी 'पुढच्या वेळी होईल ना पास?' विचारलं तर मी कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी नुसतं 'बघू' म्हणायलाही जीभ उचलेना.