गुंडेरावांचा प्रोसेसर

गुंडेराव आपल्या सख्ख्या भावाशी कॉम्प्युटरमार्फत बोलतात. ईमेल, मेसेज असलं काही नाही. हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसायचं, पडद्याकडे बघायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "सांग त्याला, वरण उतू चाललंय." मग स्वयंपाकघरातून धाकट्या किशनरावांचं उत्तर येतं, "सांग त्यांना, मला डोळे आहेत." कॉम्प्युटर बहुतेक वेळा बंदच असतो. पण निरोपांचं काही अडत नाही.

नोकरीसाठी मी पुण्याहून हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीत यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, खाली कुणी तिसरा माणूस राहतो आणि बिचाऱ्याला या दोघांनी अगदी पिदडून टाकलंय.

गुंडेरावांची सारी हयात कोर्टात वकिली करण्यात गेली. लग्न केलं नाही. उंच, काटकुळे, घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा. आता कोर्ट सुटलं, आणि निकालही तेच द्यायला लागलेत. समोर आलेली प्रत्येक गोष्ट एक तर 'मंजूर' असते नाही तर 'नामंजूर'. दोडका जून असेल तर नामंजूर. चहात आलं कमी, नामंजूर. गल्लीतली तेलुगू भाजीवाली त्यांना 'नामंजूर सार' याच नावानं ओळखते, आणि त्यांची तक्रार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, या घरातली कुठलीही वस्तू मरत नाही. टेबलफॅनचं पातं एकाचं, जाळी दुसऱ्याची आणि मोटर तिसऱ्याच पंख्याची आहे. मिक्सरला कुकरची शिट्टी झाकणाची मूठ म्हणून बसवलेली. "अजून चालायलंय ना? मग?" हा त्यांचा युक्तिवाद. भावाशी अबोला झाला तोही यातूनच. गुंडेराव ज्या स्कूटरवरून आयुष्यभर कोर्टात गेले, ती अंगणात गंजत उभी होती. तिच्या सीटमध्ये उंदरांनी पिल्लं घातली, म्हणून किशनरावांनी एक दिवस ती परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकली. त्या दिवसापासून कॉम्प्युटर मध्यस्थ झाला.

एका रविवारी सकाळी गुंडेराव वर आले. दारातूनच म्हणाले, "बाई, तुम्ही कॉम्प्युटरच्या लाइनीतल्या ना? जरा खाली येता का? पेशंट लई हल्लू चालायलाय."

हल्लू म्हणजे हळू, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. मी खाली गेले. मशीन म्हातारं होतं खरं. त्यांनी पत्त्यांचा डाव उघडून दाखवला.

"बघा. कसे अडखळायलेत."

मी दोन-चार पत्ते हलवून पाहिले. "छान पळतायत की."

"ते तुम्हाला वाटतं."

"मग नवीन लॅपटॉप घ्या ना, काका."

"नामंजूर."

"नाही तर आहे हाच वापरा. पत्त्यांना एवढा पुष्कळ झाला."

"तेही नामंजूर. याचा मेंदू बदला."

मी कॅबिनेट उघडून बोर्डावरचा नंबर वाचला, फोनवर शोधलं. त्याच जातीतला वरच्या दर्जाचा एक प्रोसेसर या बोर्डाला चालणार होता. पण तो बनणंच बंद झालेलं. मिळालाच तर सिकंदराबादच्या कॉम्प्युटर मार्केटात, वापरलेला. खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले किशनराव पान उलटत म्हणाले, "सांग त्यांना, या वयात नसते उद्योग नक्कोत."

"सांग त्याला, पेपर वाच."

आम्ही दोघं मार्केटात गेलो, तर दुकानदार नंबर ऐकून हसलाच. "चचा, ये मॉडेल तो कब का गुजर गया. नया लेलो."

"मियाँ, उम्र तो हमारी भी हो गई," गुंडेराव म्हणाले. "हमकू भी बदल देते क्या?"

दुकानातले सगळे हसले. दुकानदारानं स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि आतल्या खोक्यातून शोधून शोधून तो प्रोसेसर काढला. मग उलटतपासणी सुरू झाली. कुठल्या मशीनमधून काढला? का काढला? चालत होता याला साक्षीदार कोण? दुकानदारानं बिचाऱ्यानं आपल्या बोर्डावर लावून, पडदा उजळून दाखवला तेव्हा कुठे निकाल लागला. मंजूर. परतीच्या रिक्षात त्यांनी ती प्लॅस्टिकची डबी दोन्ही हातांत धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला म्हणत होते, "हल्लू, भाई, हल्लू."

ऑपरेशन जेवणाच्या टेबलावर झालं. खाली धुतलेली चादर. स्क्रू ठेवायला वाटी घेऊन गुंडेराव एका बाजूला, आणि कुणी न बोलावता टॉर्च घेऊन किशनराव दुसऱ्या बाजूला. अडचण एवढीच, की मध्यस्थच टेबलावर उघडा पडला होता. मग ते काम माझ्याकडे आलं.

"बाई, त्याला सांगा, टॉर्च डावीकडे धर."

"बाई, त्यांना सांगा, वाटी हलायलीय."

मशीनमधला पंखा काढला तर खाली धुळीची गादी आणि तिच्यावर एक वाळलेलं झुरळ. "भाडेकरू!" किशनराव म्हणाले. गुंडेरावांना हसू फुटलंच होतं. मग अबोला आठवला आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

मी जुना प्रोसेसर उचलून बाजूला ठेवला. नव्याचा कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवला. तो दाबायचा नसतो, आपल्या वजनानं खाली बसू द्यायचा असतो. दोघंही वाकून बघत होते. वर तो तापू नये म्हणून गंधाच्या टिळ्याएवढी पेस्ट लावली, पंखा बसवला, तारा जोडल्या, बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळा. गुंडेराव खुर्चीत बसले. वाटीतले स्क्रू एकेक करून मोजायला लागले. किशनराव टॉर्च तसाच धरून हलक्या आवाजात मला म्हणाले, "त्यांना सांगा, घाबरू नका म्हणावं. होतं असं."

मी सगळं पुन्हा तपासलं. गडबडीत माझाच हात लागून रॅमची पट्टी एका बाजूनं सुटली होती. ती खटकन बसवली, बटण दाबलं, आणि छोटीशी बीप वाजून पडदा उजळला. मशीन पूर्वीच्या निम्म्या वेळात तयार झालं.

मशीन हॉलमध्ये आपल्या जागी गेलं. मला वाटलं, आता पत्त्यांचा डाव मांडला जाईल. पण गुंडेराव उठून मला म्हणाले, "चला, बाहेर बसू."

आम्ही व्हरांड्यात बसलो. थोड्या वेळानं आतून इंजिनाची शिट्टी आली. मी दचकले. काचीगुडा स्टेशन इथून इतकं जवळ नाही.

"खेळ आहे तो," गुंडेराव खालच्या आवाजात म्हणाले. "रेल्वे चालवायचा. किशनच्या मुलीनं नागपूरहून येऊन घालून दिला. त्याला लहानपणापासून ड्रायव्हर व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत उडाला. मग जन्मभर काचीगुड्याला दुसऱ्यांची पार्सलं गाडीत चढवली." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "त्याची बायको, मालती, गेल्यापासून दुपारी तेवढाच वेळ माणूस माणसात असतो. पण चढ लागला की मशीन दमायचं. चित्र थांबायचं. आधी चिडायचा, शिव्या द्यायचा. मग गपचूप बंद करून भिंतीकडे तोंड करून निजायला लागला. चिडायचा तेच बरं होतं."

"मग तुमचे पत्ते?"

"बाई, अर्ज कुणाच्या तरी नावानं करावा लागतो. त्याच्या नावानं केला असता तर तोच नक्को म्हणाला असता."

आतून रुळांची लय येत होती, एकसारखी, न अडखळता. गुंडेराव डोळे मिटून ऐकत होते. "आता चढ लागेल," ते म्हणाले. इंजिनाचा आवाज जड झाला. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली. हळूहळू आवाज पुन्हा हलका झाला.

"चढली," ते म्हणाले.

"काका, आत जाऊन बघा ना."

"नक्को. मी गेलो की तो बंद करतो."

मग उठले, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, आवाज होऊ न देता हॉलच्या खिडकीखाली नेऊन ठेवली आणि तिथं बसले. खिडकीच्या काचेवर त्यांची सावली पडली असणार.

आत किशनरावांनी स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.